सहधर्म : रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक

आपल्या भाषेत पत्नीला सहधर्मचारिणी म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे. परंतु त्याचा अर्थ किती जड आहे याचा विचार आपण सहसा करीत नाही. दोघांचा धर्म जन्मतःच एक असला म्हणजे हा शब्द सहज उच्चारला जातो. पण पतीने एके दिवशी आपला पिढीजात धर्म सोडून दुसरा स्वीकारला, तर पत्नीने काय करावे? आणि पतीने तरी तिच्याकडून काय मागावे? या कठीण प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने देणारे एक दांपत्य मराठी वाङ्मयात अजरामर झाले आहे. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई प्रेमळ व काव्याची आवड असलेल्या. वडील वामनराव मात्र अत्यंत तापट. आई लहानपणीच निवर्तली आणि घराचा ओलावाच नाहीसा झाला. पोरका झालेला हा मुलगा विद्येच्या ओढीने नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ आणि मन मोठे. पण एका जागी स्थिर राहणे हे त्यांच्या प्रकृतीतच नव्हते.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी १८६८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या सोवळ्याला सीमा नव्हती. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, असा त्या घरचा कडक शिरस्ता. अशा घरातील ही मुलगी १८८० साली टिळकांची पत्नी झाली, तेव्हा तिचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे होते. अक्षरओळखही नव्हती. पुढे टिळकांनीच तिला लिहावाचावयास शिकविले.

संसार सुरू झाला, पण तो रुळावर कधी आला नाही. टिळक आज या गावी, तर उद्या त्या गावी. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. हाती पैसा आला की जो प्रथम भेटेल त्या गरजवंताला तो मिळावयाचा. राग आला की तो वणव्यासारखा, आणि ओसरला की पश्चात्तापही तितकाच मोठा. लक्ष्मीबाईंनी हे सारे सोसले. केवळ सोसले असे नव्हे, तर त्यातील विनोदही ओळखला. त्यांच्या मनाची ही निरोगी घडण पुढे फार उपयोगी पडावयाची होती.

टिळकांच्या मनाला एक निराळीच तहान लागलेली होती. देश उन्नत कसा होईल, जातिभेद कसा मोडेल, माणसाला माणूस म्हणून कोणता धर्म जवळ करील, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसत. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना बायबलातील नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. परंतु दिलेल्या शब्दाप्रमाणे ते पुस्तक त्यांनी वाचले आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. खडकावर बांधलेले घर वादळात टिकते आणि वाळूवर बांधलेले कोसळते, असा दृष्टांत त्या प्रवचनाच्या शेवटी आहे. तो दृष्टांत आपल्याच घरावर लवकर कसाला लागणार आहे, याची टिळकांना तेव्हा कल्पना नसावी.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात हे पाऊल म्हणजे सामाजिक मरणच होय. आप्तेष्टांच्या लेखी टिळक मेले आणि लक्ष्मीबाई पती जिवंत असताना अनाथ झाल्या. पदरी तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू. ती वार्ता ऐकून त्यांचा शोक अनावर झाला. नातलगांनी त्यांना सांभाळले. पुढे त्यांचे वास्तव्य पंढरपुरास झाले. ज्या दुःखाला कोणापुढे वाचा फोडता येत नव्हती, ते त्यांनी कवितेत ओतले. म्हणजे ज्याने अक्षरे शिकविली त्याच्याच विरहाने त्या कवयित्री झाल्या!

आता टिळकांच्या वर्तनाकडे पाहावे. १८६६ साली सरकारने असा कायदा केला होता की, धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केला असता ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयाकडे जाऊन, ठरावीक मुदतीनंतर तो विवाह रद्द करून घेता येत असे. तो मार्ग टिळकांना मोकळा होता. त्यांनी तो पत्करला नाही. नवा धर्म मिळाला म्हणून नवा संसार थाटावा, असे त्यांच्या मनात आले नाही. त्याचप्रमाणे पत्नीवर नवऱ्याचा अधिकार गाजवून तिला आपल्या धर्मात ओढावे, असेही त्यांनी केले नाही. ते वाट पाहत राहिले. ज्या माणसाला क्षणभर धीर धरवत नसे, त्याने वर्षानुवर्षे धीर धरला. टिळकांच्या अंगी नवी श्रद्धा मुरली होती याची याहून मोठी खूण कोणती?

सुमारे चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला पतीकडे आल्या. पण ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक, त्यांचे वेगळे पाणी हे सारे चालूच होते आणि टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. एकाच संसारात दोन धर्म शेजारी शेजारी नांदू लागले. समाजाला हे पटणे कठीण होते. इकडच्यांना ती भ्रष्ट वाटे, तिकडच्यांना अडाणी. पण लक्ष्मीबाई कोणाच्या म्हणण्याने चालणाऱ्या नव्हत्याच. त्या आपल्या बुद्धीने विचार करीत होत्या.

असा विचार करता करता जातिभेदाचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. पशुपक्ष्यांच्या जाती दिसताक्षणी ओळखू येतात. मग माणसांच्या जाती देवानेच केल्या असतील, तर त्यांची तशी काही खूण देहावर का नाही? ज्या घरात सोवळ्याचा असा अतिरेक होता, त्या घरच्या लेकीने कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय ठरविले की, हे भेद माणसाने केलेले आहेत. त्या निश्चयापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या मोकळ्या झाल्या. मनाचे एक दार उघडले, तसे दुसरेही उघडले आणि १९०० साली राहुरी येथे लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. आता त्या खऱ्या अर्थाने सहधर्मचारिणी झाल्या. लग्नाने नव्हे, विचाराने.

पुढे हा संसार कसा चालला हे पाहण्यासारखे आहे. पैसा नव्हताच, पण घरात माणसे मात्र सदैव. दुष्काळाने पोरकी झालेली मुले या घराने पोटाशी धरली. प्लेगच्या साथीत, जेव्हा सख्खे नातलग दूर पळत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. बालकवी ठोमरे यांच्यासारखा अल्लड प्रतिभेचा तरुण याच घरात मुलासारखा राहिला व वाढला. टिळक १९०४ साली दीक्षित पाळक झाले. पण त्यांनी आपले मराठीपण सोडले नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी ओवी, अभंग, भजन व कीर्तन यांतून गायिली. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. फुलामुलांचे कवी म्हणून तर ते सर्व महाराष्ट्राचेच होते.

भांडणे झाली नाहीत असे मुळीच नाही. लक्ष्मीबाईंनी ती लपविलीही नाहीत. परंतु पाया पक्का असला म्हणजे भिंतीला गेलेले तडे बुजविता येतात. १९१७ साली टिळकांनी आणखी एक वादळ उठविले. मिशनचा पगार सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांचे एक कुटुंब व्हावे, हा त्यांचा हेतू. संसारी स्त्रीला पतीच्या संन्यासाचा अर्थ पुरेपूर कळतो. तरी या वेळी ताटातूट झाली नाही. १८९५ च्या वादळात जे घर मोडले, तशाच वादळात ते १९१७ साली उभे राहिले. मधल्या बावीस वर्षांत दोघांनी पायात काय भरले होते, ते येथे दिसून आले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अवघ्या दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. ज्या पत्नीला त्यांनी मुळाक्षरे गिरवायला लावली होती, तिने पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. विवाहाचा यापेक्षा सुंदर अर्थ कोणत्या ग्रंथात सापडावा? याखेरीज आपल्या संसाराची कथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या नावाने सांगितली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात पतीचा राग आहे, त्यांचे भोळेपण आहे, स्वतःची फजिती आहे. पण कडवटपणा कोठेही नाही. साध्या, बोलत्या मराठीचा तो अलंकारच ठरला आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी इहलोकाची यात्रा संपविली.

या दांपत्याची श्रद्धा वाचकाची असो वा नसो, त्यांचे चरित्र सर्वांच्या कामाचे आहे. संसाराला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, असे आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु ते अधिष्ठान एकाने दुसऱ्याच्या खाली दडपून बसवावयाचे नसते. प्रत्येकाने आपापला दगड आपल्याच हातांनी घडवून आणावयाचा असतो. टिळकांनी आपला दगड आणला आणि पत्नीचा यावयाचा होता तोवर जागा रिकामी ठेवली. त्या रिकाम्या जागेतच त्यांची खरी भक्ती होती. आणि लक्ष्मीबाईंनी जो दगड आणला तो उसना नव्हता. म्हणूनच पती गेल्यावरही ते घर पडले नाही.