वंदनीय फादर ऑगस्टस टॉल्टन : बंद दारांपुढे उभा राहिलेला धर्मगुरू

२०२० साली मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला आणि अमेरिकेतील वर्णद्वेषाची जखम पुन्हा एकदा जगासमोर उघडी पडली. ही जखम किती जुनी आहे आणि ती ख्रिस्तसभेच्या अंगणापर्यंत कशी पोहोचली होती, हे समजून घ्यावयाचे असेल तर फादर ऑगस्टस टॉल्टन यांचे जीवन अभ्यासावे.

१ एप्रिल १८५४ रोजी मिसुरी राज्यातील ब्रश क्रीक येथे एका गुलाम दांपत्याच्या पोटी ऑगस्टसचा जन्म झाला. मालक कॅथलिक होते. त्यांनी बाळाला बाप्तिस्मा दिला, स्वातंत्र्य मात्र दिले नाही. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे वेदीपासून दूर होताच मालक आणि मालमत्ता ठरत, ही त्या काळाची शोकांतिका होती.

१८६२ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत आई मार्था तीन लेकरांना घेऊन निसटली आणि मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय राज्यातील क्विन्सी गावी पोहोचली. तेथे गुलामगिरी नव्हती, पण भेदभाव होता. मायलेक तंबाखूच्या कारखान्यात राबू लागले. ऑगस्टसने धर्मग्रामाच्या शाळेत पाऊल ठेवताच गौरवर्णीय पालकांनी इतका विरोध केला की, त्याला शाळा सोडावी लागली. पुढे फादर पीटर मॅकगर या आयरिश धर्मगुरूंनी विरोधाची पर्वा न करता आपल्या सेंट पीटर शाळेचे दार त्याच्यासाठी उघडले. अभ्यासाबरोबरच तो वेदीसेवकही झाला आणि धर्मगुरू होण्याची ओढ त्याच्या मनात रुजली.

परंतु अमेरिकेतील एकही सेमिनरी त्याला प्रवेश देण्यास तयार झाली नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आफ्रिकन रक्ताचे जेम्स हीली हे टॉल्टन यांच्या जन्मवर्षीच, १८५४ साली, पॅरिस येथे धर्मगुरू झाले आणि १८७५ साली पोर्टलंडचे बिशपही झाले. त्यांची आईही गुलामच होती. परंतु वडील आयरिश आणि वर्ण उजळ असल्याने समाजात ते गौरवर्णीय म्हणून वावरू शकले. हीली यांची योग्यता निःसंशय मोठी होती, पण योग्यतेला वाव मिळण्यासाठी गोऱ्या कातडीचा परवाना लागत होता. टॉल्टन यांच्यापाशी तो नव्हता.

अखेर १८८० साली रोमने त्यांना जवळ केले. तेथे सहा वर्षे अध्ययन झाल्यावर २४ एप्रिल १८८६ रोजी सेंट जॉन लॅटरन महामंदिरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आपल्याला आफ्रिकेत पाठवले जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आज्ञा मिळाली ती अमेरिकेला परतण्याची. ज्या भूमीने नाकारले, तीच त्यांची मिशनभूमी ठरली.

क्विन्सीतील सेंट जोसेफ धर्मग्रामात त्यांच्या प्रवचनांना गौरवर्णीय भाविकही येऊ लागले. हे काही जणांना खुपले. केवळ कृष्णवर्णीयांपुरतेच काम करावे, असे त्यांना स्थानिक धर्मगुरूकडून बजावण्यात आले. व्यथित अंतःकरणाने १८८९ साली ते शिकागोला गेले. तेथील कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठी त्यांनी सेंट मोनिका चर्च उभारण्यास आरंभ केला. या कार्यास कॅथरिन ड्रेक्सेल (ज्यांना २००० साली संतपद बहाल झाले) यांनी आर्थिक साहाय्य केले. गोरगरिबांच्या खोल्यांतून फिरताना त्यांचे शरीर झिजत गेले. ९ जुलै १८९७ रोजी, तीव्र उष्णतेच्या लाटेत, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या व्यवस्थेवर कायदेशीर शिक्कामोर्तब केले होते.

२०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना वंदनीय घोषित केले. त्यापूर्वीच, १९७९ आणि २०१८ साली, अमेरिकन बिशपांनी वर्णद्वेष हे पाप असल्याचे आपल्या पत्रांतून स्पष्ट केले होते. कायदे बदलले, तरी गोऱ्या वर्णाला न मागता मिळणारी सवलत अद्याप पुरती ओसरलेली नाही. ज्यांना ती मिळते त्यांना ती दिसत नाही, हेच तिचे बळ आहे.

टॉल्टन यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही, तिच्यावर कटुतेने प्रहारही केला नाही. मात्र त्यांच्या सहनशीलतेचे गोडवे गाऊन आपली सुटका होणार नाही. त्यांच्या वाट्याला ती दारे बंद करणारे हात भाविकांचेच होते, याचे स्मरण ठेवणे हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.