जेवढा भाग, तेवढीच भूल

हार्वी कुशिंग म्हटले की मेंदूची शस्त्रक्रिया आठवते. त्यांची सुरुवात मात्र एका मृत्यूने झाली. हार्वर्डमध्ये शिकताना त्यांनी ईथर दिलेला रुग्ण शस्त्रक्रियेदरम्यानच दगावला. तेव्हा भूल द्यायला विद्यार्थीच उभे करत! हादरलेल्या कुशिंग यांच्या मनात शिक्षण सोडण्याचा विचारही आला. सोडले नाही, मित्र कॉडमन यांच्यासह भुलेतल्या रुग्णाची नाडी व श्वास नोंदवणारे तक्ते त्यांनी सुरू केले.

पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड त्यांचे गुरू झाले. मज्जातंतूजवळ कोकेन टोचून तेवढाच भाग बधिर करण्याचे प्रयोग हॉलस्टेड यांनी 1884-85 मध्ये केले होते, स्वतःवरही. त्यातून त्यांना व्यसन जडले.

हात किंवा पाय मुळापासून कापताना जाड मज्जातंतू छाटला की अशक्त रुग्णाची नाडी ढासळे. छाटण्याआधी त्या तंतूतच कोकेन टोचावे, म्हणजे धक्का शरीरभर पोहोचत नाही, असे कुशिंग यांनी 1902 मध्ये मांडले. आज कोकेनऐवजी अधिक सुरक्षित औषधे आहेत, सुई सोनोग्राफीत पाहून टोचतात. हृदय वा फुप्फुसे कमजोर असलेल्यांच्या हातापायाच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल टाळता येईल का, हे भूलतज्ज्ञ आवर्जून तपासतात.