चौदावी खेप

बऱ्हाणपूरला गेलो की तापीपलीकडे एक फेरी मी हमखास करतो. अलीकडच्या काठावर शाही किल्ल्याच्या उंच भिंती, पलीकडे जैनाबाद. तेथे आहूखाना नावाची मोगलांची जुनी बाग आहे. आहू म्हणजे हरीण. हरणे केव्हाच गेली. राहिल्या आहेत त्या पडझड झालेल्या इमारती आणि वाऱ्याने डोलणारे गवत. ताजमहाल पाहायला जगभरातून लोक आग्र्याला लोटतात. परंतु ज्या बाईसाठी तो उभा राहिला, तिचा देह आधी सहा महिने या बागेत विसावला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

लहानपणी गुरुजींनी आम्हां मुलांना येथे आणून शहाजहानच्या प्रेमाची गोष्ट सांगितली होती. राणी कशाने वारली, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. बाळंतपणात, एवढेच म्हणून ते पुढच्या इमारतीकडे वळले. त्या वयात मला ते पुरेसे वाटले. पुढे घरात एक प्रसंग घडला आणि तो एक शब्द पुरेसा वाटेना. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी राणीची हकीकत.

तिचे माहेरचे नाव अर्जुमंद बानू. जन्म 1593 चा. बाप आसफखान, आजोबा इतिमादुद्दौला आणि आत्या नूरजहान. म्हणजे दरबाराची सूत्रे हलविणाऱ्या इराणी घराण्यातली ही मुलगी. 1607 मध्ये शाहजादा खुर्रमशी तिची सोयरीक ठरली आणि लग्न झाले पाच वर्षांनी, 1612 मध्ये. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे तिला मुमताज महल हा किताब मिळाला. खुर्रमच्या आणखी बायका होत्या. पण सहवास आणि विश्वास हिच्याच वाट्याला आला. गादीवर आल्यावर त्याने शाही मोहोरही तिच्याकडे सोपविली होती.

या विश्वासाची दुसरी बाजू अशी, की खुर्रम जाईल तिकडे ती गेली. मोहिमा, छावण्या, पावसाळे, उन्हाळे. हत्तीवरची अंबारी आणि पडद्याची पालखी हेच तिचे घर. मुलांची जन्मगावे पाहिली तरी हा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. 1617 साली रोशनआरा याच बऱ्हाणपुरात जन्मली, तर 1618 साली औरंगजेब गुजरातेच्या वाटेवर दोहद येथे. पुढे खुर्रमने बापाविरुद्ध बंड केले. दख्खन, तेलंगण, ओरिसा, बंगाल असे पळत फिरण्याचे ते दिवस. त्यातच 1624 साली बिहारच्या रोहतासगडावर मुराद झाला. बंड फसल्यावर 1626 मध्ये दारा आणि औरंगजेब या दोन मुलांना जहांगीरकडे ओलीस पाठवावे लागले. आई म्हणून तिने तेही सोसले. 1628 साली खुर्रम शहाजहान म्हणून तख्तावर बसला तेव्हा कोठे ती मुले तिच्या दृष्टीस पडली.

एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणे. त्यांतली सात मुले जगली, सात गेली. आपल्याकडे बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म मानतात. असे तेरा पुनर्जन्म तिने घेतले.

राणीपद तिला पुरती चार वर्षेही लाभले नाही. तरी त्या काळात गरजू विधवांचे आणि गरीब मुलींच्या लग्नाचे अर्ज तिच्या कानावर येत आणि मदत निघे. हे काम पाही ती सतीउन्निसा. ही विदुषी इराणी बाई जहांगीरच्या दरबारातील राजकवी तालिब आमुली याची बहीण. शाहजादी जहानआराची ती शिक्षिका होती, आणि वैद्यकही जाणत होती.

1629 मध्ये खानजहान लोदीने बंड केले आणि तो अहमदनगरच्या निजामशाहीला जाऊन मिळाला. त्याच्या पाठीवर शहाजहान दख्खनेत उतरला आणि 1630 च्या मार्चमध्ये बऱ्हाणपुरी मुक्कामाला आला. याच धामधुमीत, अवघ्या काही दिवसांपूर्वी, शिवनेरीवर जिजाबाईंच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला होता. एक माता गडाच्या आसऱ्याला सुखरूप बाळंत झाली. दुसरी दख्खन जिंकायला निघालेल्या फौजेबरोबर बऱ्हाणपुरी येऊन राहिली.

वर्ष कमालीचे वाईट होते. गुजरात आणि दख्खनेत पाऊस पडला नाही. 1630 ते 1632 चा तो भीषण दुष्काळ. बऱ्हाणपुरात लंगर उघडले गेले आणि वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटण्यात आले. अशा उन्हाळ्यात, अडतिसाव्या वर्षी, चौदाव्या खेपेला ती बसली. कळा सुमारे तीस तास चालल्या असे सांगतात. आईच्या जिवासाठी सतरा वर्षांच्या जहानआराने गरिबांना जडजवाहीर वाटले, अशीही कथा आहे. 17 जून 1631 रोजी मुलगी झाली, आणि काही वेळात आई गेली.

आठवडाभर बादशहा झरोक्यात आला नाही. पुढे त्याने पांढरी वस्त्रे घातली, गाणेबजावणे आणि अत्तरे दूर केली. दाढी थोड्याच काळात पांढरी झाली. डिसेंबरात देह जैनाबादेहून आग्र्याला निघाला. सोबत पंधरा वर्षांचा शाह शुजा, सतीउन्निसा आणि वजीरखान. हा वजीरखान मूळचा हकीम. लाहोरची त्याच्या नावाची सुंदर मशीद आजही उभी आहे. त्या मिरवणुकीचा विचार केला की मला हीच गोष्ट खटकते. शवाच्या एका बाजूला वैद्यक जाणणारी बाई होती, दुसऱ्या बाजूला हकीम होता. दौलत होती, माणसे होती, माया तर अपार होती. तरी त्या रात्री यांतले काहीच उपयोगी पडले नाही.

आता घरातला प्रसंग. मी नऊ वर्षांचा असताना माझी थोरली आत्या सहाव्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुपारी मुलगा झाला. घरात साखर वाटली गेली. मग बायकांची लगबग वाढली. चिंध्यांचे बोचके एकामागून एक मागच्या दाराने बाहेर गेले. अंगावरचे जाते आहे ते जाऊ द्यावे, अडवू नये, अशी त्या काळची समजूत. किती गेले हे कोणी मोजले नाही. मोजायचे असते हेही कोणाला ठाऊक नव्हते. बैलगाडी जुंपेपर्यंत आत्याचे हातपाय गार पडले होते. त्या मुलाचा, माझ्या आतेभावाचा, वाढदिवस आमच्या घरात कधी साजरा झाला नाही.

मुमताजच्या मृत्यूचे कारणही आजचे प्रसूतितज्ज्ञ बहुधा हेच मानतात. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून मुठीसारखे घट्ट व्हावे लागते. त्या आवळण्यानेच उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. अनेक बाळंतपणांनी, लांबलेल्या कळांनी ते थकले की सैल राहते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. मग हकीम बोलावायला तरी वेळ कोठला?

स्वीडनमध्ये 1749 पासून जन्ममृत्यूची देशभर नोंद होऊ लागली. 1751 च्या आकड्यांवरून तेथील वैद्यकमंडळाने हिशेब मांडला, की बाळंतपणात गेलेल्या 651 स्त्रियांपैकी निदान 400 शिकलेल्या सुईणी असत्या तर वाचल्या असत्या. त्या देशाने मग सुईणी शिकविल्या. जगाने एकत्र बसून या प्रश्नाचा विचार करायला मात्र 1987 साल उजाडले. त्या फेब्रुवारीत नैरोबीला परिषद भरली आणि सुरक्षित मातृत्वाची चळवळ सुरू झाली. भारताने 2003 पासून 11 एप्रिल, म्हणजे कस्तुरबांचा जन्मदिवस, हा सुरक्षित मातृत्व दिन ठरविला.

या कामातला एक मोलाचा धागा आपल्या बेळगावचा आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील 1620 बाळंतिणींवर एक प्रयोग केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सबाईने बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा 12 वरून 6.4 वर येते, असे दिसले. त्या प्रयोगासाठी त्यांनी बाळंतिणीखाली अंथरायचे एक प्लॅस्टिकचे कापड बनविले. त्याच्या टोकाला पिशवी, पिशवीवर मोजमापाच्या रेघा. रक्त किती गेले, ते डोळ्यांना दिसावे, एवढेच त्याचे काम. तशाच खुणांचे कापड आणि दिसताच करायचे सगळे उपचार एकदम, अशी पद्धत आफ्रिकेतील चार देशांत 80 रुग्णालयांत वापरून पाहिली. 2023 मध्ये निष्कर्ष आला, की गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम शेकडा 60 ने कमी झाले. 2025 च्या ऑक्टोबरात केपटाउन येथे प्रसूतितज्ज्ञांच्या जागतिक अधिवेशनात नवे नियम जाहीर झाले. पूर्वी 500 मिलिलिटर रक्त जाईपर्यंत थांबत. आता नाडी वा रक्तदाब बिघडलेला दिसला तर 300 वरच हालचाल करायची.

तरीही 2023 या एका वर्षात जगात सुमारे 2,60,000 स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात गेल्या. आपल्या देशाचा 2018 ते 2020 चा सरकारी आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे 97 मातांचा होता. महाराष्ट्राचा 33, मध्य प्रदेशाचा 173. बऱ्हाणपूर या दोहोंच्या अगदी वेशीवर आहे. तेथून रावेरकडे निघालेल्या गाडीला हद्द ओलांडायला फार वेळ लागत नाही. आकड्यांतला एवढा फरक काही दैवाने नेमून दिलेला नाही.

त्या रात्री जन्मलेली गौहरआरा जगली. ती 1706 पर्यंत होती, पंचाहत्तर वर्षे. तिच्या मागे भावंडांत एकटा औरंगजेब उरला, तोही वर्षभरातच गेला. आग्र्याच्या संगमरवरावर लक्षावधी लोकांनी आईचे नाव वाचले. या मुलीचे नाव तिच्या जन्मगावीही क्वचितच निघते.

गेल्या खेपेला आतेभावाला मी आहूखान्यात नेले. तोही आता सत्तरीकडे झुकला आहे. सगळी हकीकत त्याने मुकाट्याने ऐकली. मग बेळगावच्या त्या कापडाला किती पैसे पडतात, असे विचारले. फार नाही, असे मी म्हणालो. तो बराच वेळ नदीकडे पाहत उभा राहिला.