संत जॉन बॉस्को : स्वयंपाकघरातल्या शाळेत घडलेला गुरू



३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. डॉन बॉस्को हे नाव आपल्या परिचयाचे आहे ते मुख्यतः शाळांमुळे. मुंबईत माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा आणि तिच्याजवळचे पवित्र मरियेचे मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु ज्या माणसाचे नाव जगभरच्या शाळांना लाभले, तो स्वतः चांगले काय आणि वाईट काय हे कुठे शिकला? त्याची पहिली शाळा होती घराचे स्वयंपाकघर आणि पहिली शिक्षिका होती त्याची आई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीच्या उत्तरेकडील पिएमोन्ते प्रांतात, बेक्की नावाच्या छोट्या वस्तीत झाला. घर शेतकऱ्याचे आणि गरिबीचे. १८१७ साली वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले तेव्हा जॉन दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गारेट हिच्यावर म्हातारी सासू, सावत्र मुलगा अँथनी आणि स्वतःची दोन मुले, जोसेफ व जॉन, यांचा भार पडला. त्यात दुष्काळ आला. शेत कसायचे, गाय सांभाळायची, चूल पेटती ठेवायची आणि मुलांना वळणही लावायचे, हे सारे तिने एकटीने केले.

त्या घरातील एक प्रसंग आपण आपल्या मुलांना जरूर सांगावा. जॉन आठेक वर्षांचा असेल. आई बाजाराला गेली होती. उंचावर ठेवलेली एक वस्तू काढण्यासाठी तो खुर्चीवर चढला आणि तेलाचे भांडे खाली पडून फुटले. गरिबाच्या घरातले तेल! त्याने पुसण्याचा प्रयत्न केला, पण डाग काही जाईना. तेव्हा तो बाहेर गेला, कुंपणातून एक फोक तोडून आणला, त्याची साल कोरून त्यावर नक्षी काढली आणि वाटेवर जाऊन आईची वाट पाहत बसला. आई दिसताच त्याने झाले ते सगळे सांगितले आणि शिक्षेसाठी तो फोक तिच्या हाती दिला. मार्गारेटला हसू आले. नुकसान झाले याचे तिला वाईट वाटले, पण मुलगा खरे बोलला याचा आनंद मोठा होता. तिने त्याला मारले नाही. पुढच्या वेळी जपून वागायला मात्र सांगितले.

त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक छडी नेहमी उभी असे. मुलांना ती दिसत असे, पण मार्गारेटने ती कधी वापरली नाही. शिस्त होती, धाक होता, परंतु मुलाला आईची भीती वाटून त्याने खोटे बोलावे अशी वेळ तिने येऊ दिली नाही.

दारी आलेला भिकारी तिच्या घरून उपाशी जात नसे. शेजारी कोणी आजारी पडले तर रात्री-अपरात्री ती मदतीला जाई आणि मुलालाही उठवून बरोबर नेई. जॉन गुरे राखायला जाई तेव्हा त्याच्याबरोबरच्या गरीब मुलाकडे काळी भाकरी असे. जॉन आपली पांढरी भाकरी त्याला देई आणि आपल्याला काळीच आवडते असे सांगून ती खाई. दान करावे हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवले नव्हते. घरात रोज जे घडत होते तेच तो रानात करीत होता.

नऊ वर्षांचा असताना त्याला एक स्वप्न पडले. मुले भांडत होती, शिव्या देत होती आणि जॉन त्यांना ठोसे मारून गप्प करू पाहत होता. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला सांगितले की, मारून नव्हे तर सौम्यतेने व प्रीतीने या मुलांना मित्र करावे लागेल. हे स्वप्न त्याला आयुष्यभर आठवत राहिले. गावच्या जत्रेत डोंबाऱ्याचे खेळ पाहून तो दोरीवर चालायला आणि हातचलाखी करायला शिकला. मग शेजारची मुले व मोठी माणसे जमवून खेळ दाखवू लागला. तिकीट एकच. सर्वांनी प्रार्थना म्हणायची आणि जॉनने ऐकून पाठ केलेले प्रवचन ऐकायचे.

या घरात दुःख नव्हते असे मात्र नाही. जॉनला शिकून धर्मगुरू व्हायचे होते. अँथनीला वाटे की शेतकऱ्याच्या पोराने नांगर धरावा. घरात भांडणे वाढली. शेवटी १८२८ च्या हिवाळ्यात मार्गारेटने काळजावर दगड ठेवून आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घराबाहेर पाठवले. जवळजवळ दोन वर्षे त्याने दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून काम केले. पुढे किएरी गावी शिकत असताना त्याने शिंप्याकडे, सुताराकडे आणि कॉफीच्या दुकानात काम करून पोट भरले. कष्टकरी मुलांचे मन त्याला पुढे इतके कळले, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात जॉन यांचा धर्मगुरूदीक्षा विधी झाला. इटलीत धर्मगुरूला डॉन म्हणतात, म्हणून ते डॉन बॉस्को झाले. फादर कफासो यांच्याबरोबर ते तुरुंगांना भेटी देऊ लागले आणि तेथील कोवळी मुले पाहून हादरून गेले. खेड्यातून कामासाठी शहरात आलेली, आईबाप नसलेली ही मुले सुटत आणि पुन्हा तुरुंगात येत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. तुरुंगात जाण्याआधीच कोणी त्यांच्यावर माया केली असती तर? हा प्रश्न डॉन बॉस्को यांना स्वस्थ बसू देईना.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते मिस्सासाठी तयार होत असता चर्चच्या सेवकाने एका मुलाला मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले. तो बार्थोलोम्यू गरेली, गवंडीकाम करणारा अनाथ मुलगा. त्याला लिहिता येत नव्हते, वाचता येत नव्हते, गाताही येत नव्हते. शिट्टी वाजवता येते का, असे फादरांनी विचारताच तो हसला. त्या हसण्याने दार उघडले. नमो मरिया म्हणून त्यांनी त्याचे धर्मशिक्षण सुरू केले. पुढच्या रविवारी तो सोबत्यांना घेऊन आला.

मुले वाढत गेली. १८४६ साली वाल्दोको भागात एक छपरी मिळाली. त्याच वर्षी डॉन बॉस्को मरणाच्या दारातून परत आले आणि मार्गारेट आपले घर सोडून मुलाच्या मदतीला आली. १८४७ मध्ये एका पावसाळी रात्री एक अनाथ मुलगा दाराशी आला. त्याआधी आसरा दिलेली मुले पांघरुणे घेऊन पळाली होती, तरीही मार्गारेटने याला गरम सूप दिले आणि स्वयंपाकघरात अंथरूण घातले. झोपण्यापूर्वी काम, प्रामाणिकपणा व देवभक्ती यांविषयी तिने त्याला चार शब्द सांगितले. निजण्यापूर्वीच्या छोट्या उपदेशाची सेलेशियन संस्थांतील प्रथा तिथून आली असे मानतात.

तीही माणूसच होती. एकदा मुलांनी खेळताना तिची भाजीची वाफे तुडवली, तेव्हा थकून तिने गावी परत जाण्याचा निश्चय केला. डॉन बॉस्को यांनी काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. तिचे डोळे भरून आले आणि ती पुन्हा कामाला लागली. १८५६ साली ती मुलांच्या सहवासातच देवाघरी गेली.

डॉन बॉस्को मुलांना कामाला लावताना मालकांशी लेखी करार करीत. मुलाला मारायचे नाही, चूक झाल्यास शब्दांनी समजवायचे आणि सणाच्या दिवशी सुट्टी द्यायची, अशा अटी ते घालत. १८५४ साली तुरिनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा त्यांची मोठी मुले घरोघरी जाऊन रोग्यांची सेवा करू लागली. त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. सेवा हा धडा ती मुले अशी शिकली.

१८५९ साली सेलेशियन संस्था स्थापन झाली. १८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली. चूक होण्याची वाट पाहून शिक्षा करण्यापेक्षा आधीपासूनच मुलांबरोबर राहावे आणि विवेक, धर्म व माया यांच्या आधारे त्यांना घडवावे, हा तिचा गाभा. १८८४ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बजावले की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळले पाहिजे. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. १९३४ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

बंधू-भगिनींनो, आपण मुलांना चांगल्या शाळेत घालतो, धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवतो आणि आपले काम झाले असे समजतो. पण घरात कपबशी फुटते तेव्हा आपण काय करतो? दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर मुलासमोर ते खिशात घालतो का? खरे सांगितल्यावर ज्या मुलाच्या गालावर चपराक बसते, ते मूल पुढच्या वेळी तुकडे लपवायला शिकते. एकदा लपवायची सवय लागली की मोठी चूकही ते आपल्यापर्यंत येऊ देत नाही, आणि मग आपल्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

या आठवड्यात आपण एवढे तरी करू या. रात्रीची जपमाळ झाल्यावर लगेच उठू नये. मुलांजवळ पाच मिनिटे बसावे, त्यांचा दिवस कसा गेला ते ऐकावे आणि मार्गारेटसारखे चार शब्द मायेने बोलावे.

संत जॉन बॉस्को, आम्हा पालकांसाठी व आमच्या मुलांसाठी विनंती कर.