समुद्र मोजणारा राजप्रतिनिधी : दोम जुआंव द कास्त्रो

आमच्या या बेळगाव-निपाणीच्या मुलखातून समुद्र दिसत नाही. सह्याद्रीची उंच रांग मध्ये आडवी उभी आहे. तथापि समुद्राशी आमचा काही संबंध नाही, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य होणार नाही. निपाणीच्या रानात डोलणारी तंबाखू आणि आमच्या घरोघरच्या जेवणातील मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून ती पोर्तुगीज गलबतांबरोबर या देशात आली. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी हे नाव धारण करते आणि जुने गोवे व पणजी यांना वळसा घालून समुद्राला मिळते. त्याच मांडवीच्या तीरावर १५४८ साली एका पुरुषाने देह ठेवला. गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा त्याने खाडीखाडीने मोजला, त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रेही काढून ठेवली. त्याचे नाव दोम जुआंव द कास्त्रो. तो आमचा मित्र नव्हता. परकीय सत्तेचा तो सेनापती होता. तरीही त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे असे आम्हांस वाटते. ते का, हे लेखाच्या अखेरीस ध्यानात येईल.

कास्त्रोचा जन्म १५०० साली पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. राजपुत्र लुईश याच्या सहवासात त्याचे शिक्षण झाले आणि पेद्रो नुनिस या थोर गणितज्ञाकडून त्याला गणिताचे व ज्योतिषाचे धडे मिळाले. परंतु केवळ ग्रंथांत रमणारा त्याचा पिंड नव्हता. वयाच्या अठराव्या वर्षीच तो आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील टँजिअर येथे लढावयास गेला. पुढे १५३५ साली ट्यूनिसच्या स्वारीतही त्याने भाग घेतला. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात लेखणी असा हा दुर्मिळ योग त्याच्या ठिकाणी होता.

त्या काळी समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचा खेळ असे. किनारा दिसेनासा झाला की आपण कोठे आहोत हे सांगणे कठीण होई. होकायंत्र होते, पण त्याची सुई अचूक उत्तर दाखवीत नाही, ती थोडी डावीकडे वा उजवीकडे ढळते, हे खलाशांच्या ध्यानी आले होते. ही चूक दिसावयास लहान असते. पण सुई ५ अंशांनी ढळली आणि गलबत १०० कोस गेले, तर ते इच्छित स्थळापासून सुमारे ९ कोस बाजूला जाते. अंधाऱ्या रात्री ९ कोसांची चूक म्हणजे कोठल्या तरी खडकावर निश्चित मरण.

पोर्तुगालच्या राजाला याचे महत्त्व पुरते कळले होते. तो देश लहान होता, पण दर्यावरील ज्ञानासाठी त्याने राजकोश मोकळा सोडला होता. पेद्रो नुनिस यास १५२९ साली राजाश्रय देऊन शास्त्रज्ञ म्हणून नेमण्यात आले. लिस्बनच्या सरकारी कोठारात एक मूळ नकाशा ठेवलेला असे. परत आलेल्या नाखव्यांनी आणलेली नवी माहिती त्यावर चढविली जाई आणि त्यावरून पुढच्या गलबतांसाठी नकाशे तयार होत. हे सर्व ज्ञान मात्र कडीकुलुपात असे. परक्यांना ते दाखविण्यास १५०४ पासूनच राजाज्ञेने बंदी होती.

१५३८ च्या एप्रिल महिन्यात नवा राजप्रतिनिधी गार्सिया द नोरोन्हा याच्या आरमारासह कास्त्रो लिस्बनहून निघाला. दीवच्या किल्ल्याला तुर्कांच्या आरमाराचा वेढा पडण्याची चिन्हे होती. इतर सरदारांचे चित्त युद्धाकडे लागले असता कास्त्रो मात्र गलबतावर सूर्याच्या सावल्या मोजीत बसे. त्याच्याजवळ नुनिसने योजलेले एक उपकरण होते. एका सपाट तबकडीच्या मध्यभागी उभी काडी असे आणि जवळच होकायंत्राची सुई असे. दुपारपूर्वी सूर्य ठरावीक उंचीवर असताना काडीची सावली कोठे पडते ते पाहावयाचे. दुपारनंतर सूर्य त्याच उंचीवर आला की पुन्हा पाहावयाचे. या दोन सावल्यांच्या बरोबर मधली रेषा ती खरी उत्तर-दक्षिण. सुई त्या रेषेपासून किती ढळली हे मग सहज कळते. आमच्या विद्यार्थिमित्रांना शाळेच्या पटांगणात एक काठी रोवून हा प्रयोग आजही करून पाहता येईल.

असे चाळीसहून अधिक वेध कास्त्रोने आपल्या सफरींत घेतले. पूर्व-पश्चिम अंतर बदलते त्या प्रमाणात सुईचे ढळणे बदलते, असा त्या वेळी अनेकांचा समज होता. आपल्या वेधांवरून कास्त्रोने तो समज खोटा ठरविला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत एकदा त्याचे वेध जुळेनात. त्याने उपकरणाला दोष दिला नाही, अथवा नको असलेला आकडा खोडूनही टाकला नाही. त्याने कारण शोधले. जवळच ठेवलेली तोफ सुईला आपल्याकडे ओढीत होती! गलबतावरील लोखंडामुळे होकायंत्र चुकते, ही गोष्ट अशा रीतीने त्याच्या हाती लागली. आज प्रत्येक जहाजावर या दोषाचा हिशेब ठेवला जातो.

सप्टेंबरमध्ये आरमार गोव्यास पोहोचले आणि नोव्हेंबरमध्ये दीवकडे निघाले. तोपर्यंत तुर्क वेढा उठवून निघून गेले होते. त्यामुळे कास्त्रोला मोजणीस भरपूर अवसर मिळाला. गोवा ते दीव या प्रवासाची त्याची वही म्हणजे आमच्या कोकण किनाऱ्याचे एक अमोल चित्र आहे. शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून पाणी किती वाव खोल आहे ते त्याने मोजले. तळाशी वाळू आहे, चिखल आहे की खडक आहे ते नोंदविले. सूर्याची उंची घेऊन ठिकाणांचे अक्षांश काढले. भरती-ओहोटीच्या वेळा, खाडीच्या मुखावरील धोके, दुरून ओळखू येणारे डोंगर व झाडी, नांगर टाकण्यास योग्य जागा असे सारे त्याने लिहून काढले. जैतापूर, दाभोळ, चौल, वसई, दीव अशा बंदरांची चित्रे या वहीला जोडलेली आहेत. घारापुरी व कान्हेरी येथील लेणी पाहून तो थक्क झाला आणि त्यांचेही वर्णन त्याने मोजमापांसह लिहून ठेवले.

वसईजवळ पुन्हा त्याची सुई बिघडली. या वेळी जवळ तोफ नव्हती. आसपासच्या खडकांचा हा परिणाम असला पाहिजे, असे त्याने अनुमान केले. सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनला असून त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिज असते, हे आज आम्ही पाठ्यपुस्तकात शिकतो. कास्त्रोजवळ असे पुस्तक नव्हते. त्याच्याजवळ एक सुई आणि अपार चिकाटी होती.

१५४० च्या अखेरीस वास्को द गामाचा पुत्र एस्तेव्हांव द गामा याच्या स्वारीबरोबर तो तांबड्या समुद्रात गेला आणि सुएझपर्यंत जाऊन आला. या समुद्राला तांबडा का म्हणतात, हा जुना प्रश्न त्याने प्रत्यक्ष पाहणीने सोडविण्याचा यत्न केला. तेथील पाणी त्याने भांड्यात घेऊन पाहिले. ते इतर समुद्रांसारखेच होते. मग तांबड्या दिसणाऱ्या जागी पाणबुडे उतरवून तळाचे नमुने वर आणविले, आणि तळच्या पोवळ्यांमुळे तो रंग दिसतो असा निष्कर्ष काढला. ऐकीव गोष्टीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट श्रेष्ठ, हा त्याचा बाणा होता.

१५४२ साली तो मायदेशी परतला आणि सिंत्राच्या डोंगरात शांतपणे राहू लागला. पण १५४५ मध्ये राजाने त्याला हिंदुस्थानातील पोर्तुगीज मुलखाचा गव्हर्नर करून पाठविले. यानंतरची त्याची कहाणी शौर्याची आहे, तशीच ती क्रौर्याचीही आहे. १५४६ साली गुजरातच्या सैन्याने दीवला पुन्हा वेढा घातला. त्या वेढ्यात कास्त्रोचा तरुण पुत्र फेर्नांदो सुरुंगाच्या स्फोटात ठार झाला. नोव्हेंबरमध्ये कास्त्रोने स्वतः जाऊन वेढा मोडला. ढासळलेला किल्ला पुन्हा बांधावयाचा तर पैसा नव्हता. गोव्याच्या नागरिकांकडून २०,००० पारदांव कर्ज मागताना तारण काय ठेवावे? पुत्राच्या अस्थी ठेवण्याचा त्याचा विचार होता, पण ते शक्य नव्हते. तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठविले. नागरिकांनी पैसे तर दिलेच, पण ते केसही सन्मानाने परत केले.

याच काळात विजापूरच्या आदिलशाहीशी त्याचे वैर जुंपले. आदिलशाही घराण्यातील एक राजपुत्र पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्याला विजापूरच्या स्वाधीन करण्यावरून हा तंटा होता. बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशिदीशी ज्याचे नाव निगडित आहे, तो बेळगावचा सुभेदार असदखान याचाही या राजपुत्राच्या राजकारणात हात होता. या युद्धात कास्त्रोच्या आरमाराने आदिलशाही बंदरे लुटली व जाळली. त्यांत दाभोळही होते. दहा वर्षे उलटण्यापूर्वी ज्या दाभोळच्या खाडीचे त्याने मन लावून चित्र काढले होते, त्याच दाभोळावर त्याने आग पाडली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. ती सुंदर चित्रे, ती अचूक मोजणी नेमकी कशासाठी होती? ज्ञानाची ओढ खरी होती, यात शंका नाही. पण राजाने पैसा दिला तो व्यापारासाठी आणि तोफांना वाट दाखविण्यासाठी. ज्याच्या हाती नकाशा, त्याच्या हाती बंदर. आमच्या किनाऱ्यावरील तांडेल आणि कोळी यांना प्रत्येक खडक, प्रत्येक वाळूचा दांडा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. ते ज्ञान कास्त्रोच्या ज्ञानाहून कमी नसेल. पण ते तोंडातच राहिले. ते लिहून घेणारा, मोजून पाहणारा, त्यासाठी खजिन्यातून पैसा देणारा राजा त्या वेळी दख्खनेत नव्हता. विजापूरचा दरबार घोडदळाचा विचार करीत होता. समुद्राचे मोल तेथे उमगले नाही. पुढे सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी ते ओळखले आणि आरमार व जलदुर्ग उभारले.

६ जून १५४८ रोजी गोव्यात कास्त्रोचे निधन झाले. वय अवघे ४८. राजप्रतिनिधीपदाची सनद नुकतीच त्याच्या हाती पडली होती. अखेरच्या समयी ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होते. एवढ्या मोठ्या अधिकारावर राहूनही त्याने स्वतःसाठी धन जमविले नाही, अशी त्याची कीर्ती आहे.

त्याच्या वह्यांचे पुढे काय झाले? गोवा-दीव सफरीची वही छापली गेली १८४३ साली, म्हणजे तीनशे वर्षांनंतर! तांबड्या समुद्राची वही मूळ भाषेत १८३३ मध्ये आणि लिस्बन-गोवा प्रवासाची १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. इतका काळ ज्ञान झाकून ठेवून पोर्तुगालने काय मिळविले? तांबड्या समुद्राच्या वहीचा इंग्रजी गोषवारा १६२५ मध्येच लंडनला छापला गेला होता. त्याआधी गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच तरुणाने १५९६ साली आपला ग्रंथ छापून पूर्वेचे सागरी मार्ग जगजाहीर केले आणि पाठोपाठ डच गलबते येऊन थडकली. राजाश्रयाने ज्ञान वाढते; पण ते कुलुपात कोंडले तर ना ते वाढते, ना सुरक्षित राहते.

आज आमचा समुद्र मोजण्याचे काम आमचेच सरकार करते. १९५४ पासून या कामाची मुख्य कचेरी डेहराडून येथे, समुद्रापासून शेकडो कोस दूर, हिमालयाच्या पायथ्याशी आहे! म्हणजे समुद्राची सेवा करावयास समुद्रकाठीच जन्मले पाहिजे असे नाही. शिशाच्या गोळ्याची जागा आता ध्वनिलहरींनी घेतली आहे. भारतीय नौदलात २०२४ साली दाखल झालेले संधायक हे जहाज याच मोजणीसाठी बांधलेले आहे. १९६६ साली स्थापन झालेली आणि आज गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर बेळगावाहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. आजचे नकाशे व्यापारी जहाजांस विकत मिळतात आणि मित्रराष्ट्रांचे समुद्रही आमची जहाजे मोजून देतात. या कामाचा खर्च कोणास डोळ्यांनी दिसत नाही. पण सुखरूप बंदरास लागणारे प्रत्येक जहाज त्याची साक्ष देते.

कास्त्रोने लावलेली आग आम्ही विसरू नये. पण न जुळणारा आकडा न खोडता त्याचे कारण शोधणारी त्याची वृत्ती मात्र आम्ही अवश्य घ्यावी. चोर्ल्याचा घाट उतरून कधी पणजीस गेलात, तर मांडवीच्या मुखाशी थोडा वेळ उभे राहा. समोरचे पाणी काही अंशी आपल्याच रानातून आलेले असेल. ते किती वाव खोल आहे, हा प्रश्न तुमच्यापैकी एकाच्या जरी मनात उभा राहिला, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.