मैदानातला फ्रेडी

रॉक बँडचं नाव काढलं की आमच्या जालन्यात वरातीतला बँड आठवतो. त्यामुळे 'क्वीन' या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला, हे मित्रांना सांगितलं की थाप वाटते. पण खरं आहे!

मूळ नाव फारोख बलसारा. पारशी घर, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आठेक वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. तिथे मित्रांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. तोंडात चार दात जादा, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं चिडवायची. कॅमेरा दिसला की तो वरचा ओठ खाली ओढून दात झाकायचा, आणि ही सवय जन्मभर राहिली. पुढे पैसा आला तरी त्याने ते दात काढले नाहीत. आवाज बिघडेल ही भीती.

१९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला पळालं. तिथे तो ग्राफिक डिझाइन शिकला. १९७० मध्ये क्वीन सुरू झाला. गिटारवाला ब्रायन मे फिजिक्सचा, बेसवाला जॉन डीकन चक्क इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे आपलाच माणूस.

मला गाण्यांइतकंच वेड त्यांच्या मैदानी कार्यक्रमांच्या फोटोंचं. १८ सप्टेंबर १९७६ ला लंडनच्या हाइड पार्कात फुकट कार्यक्रम होता, दीड लाखाच्या आसपास लोक. १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड', वेम्ब्ली स्टेडियम, ७२ हजार लोक, आणि क्वीनला मिळाली जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. तेव्हा रोलचे दिवस. ३६ फोटो झाले की रोल बदला, तेवढ्यात नेमका क्षण गेला तर गेला. काय आलंय ते रोल धुतल्यावरच कळणार. स्टेजखालून फोटो घेतला तर फ्रेडी आभाळाएवढा दिसतो, पण गर्दी गायब. गर्दी हवी तर त्याच्या पाठीमागे जायला पाहिजे. मग दिसतात 'रेडिओ गा गा'च्या वेळी वर गेलेले हजारो हात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजचा आवाज १७० मीटरवर अर्धा सेकंद उशिरा पोचणार. म्हणून व्हिडिओत टाळी लाटेसारखी मागे सरकताना दिसते. फोटोत ती लाट थांबलेली असते.

जुलै १९८६ मध्ये पुन्हा वेम्ब्ली. पिवळं जॅकेट, वर उगारलेली मूठ, हातात अर्धाच माइक स्टँड. हा फ्रेडी सगळ्यांना माहीत आहे. इथे मात्र तोंड सताड उघडं, दात दिसतायत, आणि त्याला त्याची काही पडलेली नाही. ९ ऑगस्टला नेबवर्थच्या मैदानात लाखाहून जास्त लोक जमले. हा क्वीनबरोबरचा त्याचा शेवटचा कार्यक्रम ठरला. फोटो काढणाऱ्यांना त्या दिवशी हे कुठून माहीत असणार?

नंतर एड्सने तो खंगत गेला. आता घराबाहेर वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर टपलेले, त्यांना आजारी चेहरा हवा होता. मला या फोटोंचा राग येतो. मे १९९१ मध्ये त्याने शेवटचा व्हिडिओ केला. तब्येत दिसू नये म्हणून तो ब्लॅक अँड व्हाइट ठेवला. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला, २४ ला गेला. वय ४५. लंडनमध्ये अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंत्रो गावात, तळ्याकाठी, त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. मूठ वर, वेम्ब्लीसारखीच.