थोर शास्त्रज्ञ मेचनिकॉफ

कापूस वेचताना पायात बाभळीचा काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी पाय सुजतो, लाल होतो, ठणकतो आणि मग पू होतो. हे का होतं ते ज्यांनी शोधलं, त्यांची ही माहिती आहे. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉफ. नाव पाठ व्हायला मला दोन दिवस लागले.

त्यांचा जन्म १८४५ साली युक्रेनमध्ये खारकोव्ह शहराजवळच्या खेड्यात झाला. तेव्हा तिथे रशियाच्या बादशहाचं राज्य होतं. लहानपणापासून त्यांना किडे आणि झाडं बघायचा नाद. पुढे ते ओडेसा शहरात प्रोफेसर झाले. १८७३ साली त्यांची बायको क्षयरोगाने वारली. त्यांना जगणं नकोसं झालं. पण ते सावरले आणि परत कामाला लागले.

१८८२ साली ते इटलीत मेसिना गावी समुद्राकाठी राहत होते. एके दिवशी घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेले. हे एकटेच घरी राहिले. (मी तर सर्कशीलाच गेलो असतो.) ते सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची पिल्लं बघत होते. ती काचेसारखी आरपार दिसतात. त्यांच्या अंगात काही पेशी हिंडताना दिसल्या. बाहेरचं काही घुसलं तर या पेशी तिकडे धावतील का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बागेतले गुलाबाचे काटे आणून पिल्लांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींची ही गर्दी!

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तसंच करतात. गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. जखमेजवळ रक्तवाहिनीची आतली बाजू चिकट होते. पेशी तिथे घरंगळतात, चिकटतात आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. मग गुळाकडे मुंग्या जाव्यात तशा जखमेकडे जातात आणि जंतू गिळतात. पू म्हणजे बहुतेक त्याच मेलेल्या पेशी.

पण घाण आतच राहिली तर पेशी येतच राहतात आणि सूज हटत नाही. माझ्या नानांच्या टाचेत काट्याचं टोक राहिलं होतं. रुईचा चीक लावला, तरी चार महिने सूज गेली नाही. आईने एकटीने वेचणी केली. मी पण शाळा बुडवली. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी चिरा देऊन टोक काढलं. क्षयाचे जंतू तर पेशीने गिळले तरी तिच्या पोटात जिवंत राहू शकतात. म्हणून त्या रोगात गाठी होतात.

तेव्हाच्या पुष्कळ डॉक्टरांना हे पटलं नाही. पांढऱ्या पेशीच जंतू अंगभर पसरवतात असं ते समजत. मेचनिकॉफ वर्षानुवर्षं भांडले. १८८८ साली ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. १९०८ साली त्यांना आणि एर्लिक यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यांचे विद्यार्थी हाफकिन आपल्या मुंबईला आले. १८९७ साली त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे.

मेचनिकॉफ रोज आंबट दूध प्यायचे, त्याने आयुष्य वाढतं असं त्यांना वाटे. हे ऐकून माझी आजी फार खूश झाली. १९१६ साली ते पॅरिसमध्ये वारले.

नानांच्या टाचेतलं टोक मी काडेपेटीत ठेवलं आहे. कोणाला बघायचं असेल तर माझ्याकडे मागा.